कागदांचा क्रम

येसेनिया नाउएलकिन साडेतीनला येणार होती.
सव्वातीनलाच मी टेबलावर तीन कागद मांडले.
वर वाल्दिवियाचं विद्यापीठ, शिष्यवृत्तीचं पान उघडं.
त्याखाली नर्सिंगचा डिप्लोमा.
तळाशी, अर्धा माझ्या कपाखाली दबलेला,
पाणबुड्याच्या परवान्याचा अर्ज.

शेगडीत ओलं लाकूड धुमसत होतं.
चिलोए बेटावर कोरडं लाकूड आणि कोरडं मत
दोन्ही दुर्मीळ.
खिडकीबाहेर ओहोटी, खांबांवरची घरं
आपले चिखलाचे पाय उघडे टाकून उभी.

सकाळी सामन कंपनीचा माणूस येऊन गेला होता,
धुरी दिलेल्या माशाचं पाकीट घेऊन.
कलचाचणीचे निकाल हवे होते त्याला,
"नावं नकोत हो, नुसते गुण."
शेवटच्या वर्गात आमची मुलं एकोणीस.
इथे गुण सांगितले की घर सांगितलंच.
पाकीट परत दिलं, निकाल दिले नाहीत,
आणि दुपारपर्यंत मी स्वतःवर खूश होते.

ते सोपं होतं.
लाच बूट वाजवत येते.

येसेनिया आली, केस ओले, दप्तर पोटाशी.
म्हणाली, मला पाण्याखाली काम करायचंय,
निवाल्दोसारखं.
निवाल्दो तिचा भाऊ. पिंजऱ्यांच्या तळाशी जाऊन
जाळी शिवायचा, मेलेले मासे वेचायचा.
एकदा घाईने वर आला
आणि नऊ दिवस पोर्तो मोंतच्या इस्पितळात.
अजून डावा पाय ओढतो.

माझ्या जिभेवर 'नको' आलं,
तीस वर्षं मुरलेलं 'नको'.
एकोणिसाव्या वर्षी माझीही बोट होती,
सामान धक्क्यावर, आई अंथरुणात.
बोट गेली.
त्यानंतर किती मुलींना मी त्या बोटीत बसवलं,
कुणाला तिच्यासाठी, कुणाला माझ्यासाठी,
हा हिशेब काही मी मांडला नाही.

तिने कप उचलला. खालचा कागद ओढला.
त्यावर कपाचं ओलं वर्तुळ, शिक्क्यासारखं.
"हा का खाली?"

मापात पाप करायला
दुकानच लागतं असं नाही.

खोटं सुचत होतं. चांगली चार-पाच सुचली.
"मी घाबरले म्हणून," मी म्हटलं,
"आणि माझी भीती तुझ्या खात्यावर नको."
मग तीनही कागद शेजारी शेजारी लावले,
टेबल पुरेना, एक तिच्या मांडीवर.
पगार सांगितला. अपघात सांगितले, आकड्यांसकट.
वाल्दिवियाचं खोलीभाडं सांगितलं,
आणि सहा महिन्यांत परत आलेल्या दोघींचंही सांगितलं,
नावं न घेता.
दोनदा म्हटलं, माहीत नाही.
ते म्हणताना घसा खरवडला.

ती काही ठरवून गेली नाही.
अर्ज तेवढा घडी करून नेला, वर्तुळासकट.

शुक्रवारी तिचा बाप आला, दोन अर्नोल्दो,
टोपी हातात, बटाट्यांचं पोतं खांद्यावर.
"पोरगी काय म्हणाली?"
"तिलाच विचारा," मी म्हटलं,
"आणि बटाटे शाळेच्या स्वयंपाकघरात द्या, मला नकोत."
रागावला असेल. उठला मात्र नाही.
टोपीची कड फिरवत राहिला, फिरवत राहिला,
मग शेगडीकडे बघत, अगदी हळू:
"आठवीत शाळा सोडलेल्या माणसासाठी
असतं का हो काही?
छप्पन्न चालूय."

मी खण उघडला.
आत कागदच कागद.
हात थांबला तो थांबलाच:
आधी कुठला काढू?